चित्त्याकरवीं हरणांची शिकार

चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत चित्त्याकरवीं होणाऱ्या मृगयेचें वर्णन आहे. पुढें अकबराच्या पदरीं मोठा चित्तेखाना होता. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडींतून कळपाजवळ नेत. टोपी काढतांच तो काळविटावर झेपावे. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर दरबारानें ते आफ्रिकेंतून आणविले. बंदूक व मोटार यांनीं शिकार सोपी केली, पण कळप विरळ झाले. १९५२ सालीं देशी चित्ता नामशेष ठरला. १९७२ च्या कायद्यानें काळविटास अभय मिळालें. आतां ही विद्या कागदांतच उरली आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति, कीं दप्तरांत चित्तेखान्याच्या खर्चाची यादी आढळल्यास ती क्षुल्लक मानून टाकूं नये. आणि तींतील चित्ता म्हणजे बिबळ्या, असेंही समजूं नये.