अमेरिकेतील पहिले पक्षीय सत्तांतर

नव्या राज्यघटनेचा अंमल सुरू होऊन जेमतेम १२ वर्षे लोटली असताना अमेरिकेच्या संघराज्यावर जो पेच ओढवला, तो परचक्रामुळे नव्हे, तर घटनेतीलच एका उणिवेमुळे. प्रत्येक निर्वाचकाने दोन मते द्यावीत, परंतु त्यांपैकी अध्यक्षपदासाठी कोणते व उपाध्यक्षपदासाठी कोणते हे नमूद करू नये, अशी तजवीज घटनाकारांनी केली होती. संघटित राजकीय पक्षांचा विचार तिच्यात नव्हता. परिणामी १८०० च्या निवडणुकीत फेडरॅलिस्ट पक्षाचे विद्यमान अध्यक्ष जॉन ॲडम्स ६५ मतांवर अडले, आणि रिपब्लिकन पक्षाचे टॉमस जेफर्सन व त्यांचेच सहकारी एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली.

निवाडा प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे प्रत्येक राज्यास एकच मत. १६ पैकी ९ राज्ये आवश्यक, आणि जेफर्सन यांच्या बाजूस आठच. ११ फेब्रुवारी १८०१ पासून ३५ फेऱ्या निष्फळ ठरल्या. अखेर डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरॅलिस्ट जेम्स बेयर्ड यांनी जेफर्सन-विरोधाचा हट्ट सोडला, आणि १७ फेब्रुवारीस ३६ व्या फेरीत दहा राज्यांच्या कौलाने जेफर्सन निवडून आले.

४ मार्चच्या शपथविधीस न थांबता ॲडम्स पहाटेच राजधानीतून निघून गेले, परंतु अधिकार सोडताना त्यांनी खळखळ केली नाही. प्रत्येक मतभेद हा तत्त्वभेद नसतो, असे जेफर्सन यांनी त्या दिवशी प्रतिपक्षास बजावले. आणि १८०४ साली बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांचे मतदान कायमचे वेगळे केले.