पाठीची गोळी, काम मात्र मेंदूत

‘अहो, ही काही झोपेची गोळी नाही. आखडलेला स्नायू तेवढा मोकळा करते.’ कुणाची कंबर धरली, मान आखडली, उसण भरली की हे वाक्य ठरलेलं. पाठोपाठ औषधांच्या डब्यातून गेल्या वेळची उरलेली स्ट्रिप निघते आणि गोळी दुखणाऱ्याच्या हातावर पडते. ती मुळात कुणासाठी लिहून दिली होती, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. सुशिक्षित घरांतही हेच चालतं, म्हणून जरा वैताग येतो.

मुख्य गैरसमज : मसल रिलॅक्संट फक्त दुखऱ्या स्नायूवर काम करतं

गोळी रक्तात मिसळते आणि रक्त सगळीकडे फिरतं. तिला कमरेचा पत्ता ठाऊक नसतो. शिवाय पाठदुखीला नेहमी दिली जाणारी ही औषधं मुळात स्नायूवर काम करतच नाहीत. टिझानिडीन मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे संदेश दाबतं. बॅक्लोफेन मज्जासंस्थेला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनासारखं वागतं. क्लोरझॉक्साझोन आणि मेथोकार्बामॉल यांचा परिणाम तर गुंगीमुळेच होत असावा, असं अमेरिकेतल्या त्यांच्या अधिकृत माहितीपत्रकांतच म्हटलं आहे. थेट स्नायूवर काम करणारं डॅन्ट्रोलीन नावाचं औषध आहे, पण उसणीसाठी ते कुणी देत नाही.

एवढं समजलं की पुढच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही. मेंदूवर काम करणारी गोळी घेऊन दुचाकी चालवायची नाही, लेथवर किंवा प्रेसवर उभं राहायचं नाही. ‘मला काही झोप येत नाही’ हा युक्तिवाद चालणार नाही. झोप न येताही ब्रेक दाबायला उशीर होऊ शकतो. सोबत दारू अजिबात नको. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, खोकल्याची काही सिरप यांचीही गुंगी या गुंगीवर चढते. म्हणून दुसरं काहीही चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

घरातल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत तर हा गैरसमज महागात पडतो. टिझानिडीनने रक्तदाब उतरतो. रात्री गोळी घेतलेल्या आजी लघवीला जायला झटकन उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो आणि पाठीचं दुखणं खुब्याच्या फ्रॅक्चरवर जाऊन थांबतं. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीच्या ‘बिअर्स’ निकषांत क्लोरझॉक्साझोन, मेथोकार्बामॉल, कॅरिसोप्रोडॉल ही औषधं पासष्टीनंतर टाळावीत असं म्हटलं आहे, त्यामागे गुंगी आणि पडण्याचा हाच धोका आहे. डॉक्टरांनी विचार करून दिलीच, तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठायचं.

आता ती स्ट्रिप उलटी करून वाचा. आपल्याकडे बऱ्याचदा एकाच गोळीत तीन औषधं असतात : अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, क्लोरझॉक्साझोन २५० मिलिग्रॅम. म्हणजे ‘स्नायूची गोळी’ म्हणून घेतलेल्या गोळीत वेदनाशामकही आहे आणि तापाचं औषधही. त्यावर अंग दुखतंय म्हणून साडेसहाशेची पॅरासिटामॉल आणि वर आणखी एखादी पेनकिलर घेतली, की यकृत, जठर आणि मूत्रपिंड तिघांवरही भार. स्ट्रिपवरची लाल पट्टी शोभेची नाही. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ असं ती सांगते.

‘जास्त दिवस घेतली की मुळापासून बरं होतं.’ छे. बीएमजे या नियतकालिकात २०२१ साली ३१ चाचण्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण करणारा आढावा प्रसिद्ध झाला. अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी वेदना १०० पैकी सरासरी आठेक गुणांनीच कमी झाली, तीही फारशा खात्रीशीर नसलेल्या पुराव्यानुसार. नेहमीची उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. शेक आणि झेपेल तेवढी हालचाल कामी येते.

‘थायोकोल्चिकोसाइडने गुंगी कमी, म्हणजे ते निर्धोक.’ युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्येच या मसल रिलॅक्संटवर मर्यादा घातल्या : तोंडावाटे जास्तीत जास्त सात दिवस, आणि गरोदर, स्तनपान करणाऱ्या किंवा गर्भनिरोधक न वापरणाऱ्या स्त्रियांना तसंच सोळा वर्षांखालच्या मुलांना नाही. शरीरात त्यापासून तयार होणारा एक घटक पेशीविभाजनात गुणसूत्रांच्या संख्येत गडबड करू शकतो, हे त्याचं कारण.

‘अँटिबायोटिकशी याचा काय संबंध?’ सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे रक्तातलं टिझानिडीन सुमारे दहापट वाढू शकतं. ही जोडी निषिद्धच आहे.

‘बरं वाटलं की गोळी बंद.’ चार दिवसांच्या उसणीला ठीक. पण अर्धांगवायूनंतरच्या ताठरपणासाठी महिनोन्‌महिने चाललेलं बॅक्लोफेन एकाएकी थांबवलं तर भास होऊ शकतात, झटकेही येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच उतरवायचं. मूत्रपिंड अधू असेल तर तेही त्यांना आधीच सांगायचं, कारण मग बॅक्लोफेन शरीरात साठतं.

‘लघवीचा रंग बदलला, किडनी गेली!’ क्लोरझॉक्साझोनने लघवी केशरी किंवा जांभळट-लाल होऊ शकते; ती घाबरण्याची गोष्ट नाही. मात्र सोबत डोळे पिवळे, मळमळ किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर गोळी थांबवून लगेच तपासणी करा, कारण हे औषध क्वचित यकृताला गंभीर इजा करतं.

‘याची सवय लागत नाही.’ कॅरिसोप्रोडॉलची लागते. शरीरात त्याचं मेप्रोबामेट हे जुनं गुंगीचं औषध बनतं. युरोपात कॅरिसोप्रोडॉलची विक्री-परवानगी स्थगित करण्याची शिफारस २००७ मध्ये झाली, आणि टॅपेंटाडॉल या वेदनाशामकासोबतच्या त्याच्या गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात भारत सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवावी लागली.

आणि एक गोष्ट कुठल्याही गोळीने झाकायची नाही. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जातेय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आलाय, तर मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी डबा उघडू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.