आजोबांची थाप : खेळ की लक्षण?

‘आमच्या लहानपणी एवढा पाऊस पडायचा, की छपरावर बसून गळ टाकला तरी मासे मिळायचे.’ आजोबा गंभीर चेहऱ्याने सांगतात, नातवंडे ‘खोटं, खोटं!’ म्हणून ओरडतात आणि थोड्या वेळाने तीच गोष्ट पुन्हा मागतात. आजीकडे कोड्यांचा साठा असतो. तीन डोळे असूनही ज्याला काही दिसत नाही तो कोण? नारळ! अशा लोणकढी थापा आणि विचित्र कोडी म्हणजे रिकामटेकडेपणा, असा अनेकांचा समज असतो. पण त्यात सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही मेंदू चांगलाच राबतो. म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या या सवयीत बदल झाला, तर त्याकडे लक्ष द्यायला हवे.

‘आजोबांनी चहात दोन चमचे चपला घातल्या’ हे वाक्य वाचताना आपण क्षणभर अडखळतो. हे अडखळणे मेंदूच्या विद्युत आलेखात दिसते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की वाक्याच्या अर्थात न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उमटते. तिला ‘एन-४००’ म्हणतात. ऐकता ऐकताच मेंदू अर्थाची जुळवाजुळव करत असतो आणि विसंगती त्याला लगेच कळते. वेड्या वाक्याला हसण्यासाठी आधी शहाणे वाक्य कसे असते हे माहीत असावे लागते.

कोड्यात याच्या पुढची पायरी असते, ती म्हणजे उत्तराची वाट पाहणे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या प्रश्नांच्या उत्तरांबद्दल लोकांना जास्त उत्सुकता होती, त्यांची उत्तरे त्यांना अधिक चांगली आठवली. शिवाय उत्तराची वाट पाहताना दाखवलेले अनोळखी चेहरेही तुलनेने जास्त लक्षात राहिले. उत्सुकतेच्या वेळी मेंदूतील डोपामिनचे मार्ग आणि स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग एकत्र काम करतात, असे या प्रयोगात आढळले. ‘हरलात का?’ असे विचारत आजी उत्तर लांबवते, ते उगाच नाही.

थापेत आणखी एक कौशल्य लागते. आजोबांना ठाऊक असते की हे खरे नाही, नातीलाही ठाऊक असते आणि तिला ते कळले आहे, हेही आजोबांना ठाऊक असते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगू लागते. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये केलेल्या प्रयोगांनंतर या टप्प्याचा खूप अभ्यास झाला. तीन वर्षांचे मूल छपरावरचे मासे खरे मानू शकते. सहा वर्षांचे मूल त्यात स्वतःची मगर घालते.

सांगणाऱ्याचे कामही सोपे नसते. गोष्टीचा धागा धरून ठेवायचा, शेवट राखून ठेवायचा, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि हसू दाबायचे. यात मेंदूच्या पुढच्या भागाचा, म्हणजे फ्रंटल लोबचा मोठा वाटा असतो. उजव्या फ्रंटल लोबला इजा झालेल्या रुग्णांना विनोदाचा योग्य शेवट ओळखणे अवघड जाते, असे १९९९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले होते.

त्यामुळे खरा प्रश्न ‘आजोबा थापा का मारतात’ हा नसतो. आपण थाप मारतो आहोत हे त्यांना ठाऊक आहे का, हा असतो. स्मृतीच्या काही आजारांत मेंदू विसरलेल्या जागा बनावट आठवणींनी भरतो. याला ‘कॉन्फॅब्युलेशन’ म्हणतात. सकाळपासून अंथरुणावर असलेली व्यक्ती ‘आत्ताच शेतावर जाऊन आलो’ असे शांतपणे सांगते. फसवण्याचा हेतू नसतो आणि डोळ्यांत मिश्कीलपणाही नसतो. दीर्घकाळ अति मद्यपान किंवा कुपोषण झाल्यास ‘ब१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या कोर्साकोव्ह आजारात हे लक्षण ठळकपणे दिसते. डिमेन्शियातही ते दिसू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे.

काही बदल घरच्यांच्याच लक्षात येऊ शकतात. नेहमीच्या गोष्टीचा धागा मध्येच सुटणे, पाठ असलेल्या कोड्याचे उत्तर न आठवणे, पाच मिनिटांपूर्वी सांगितलेली गोष्ट नवी म्हणून पुन्हा सांगणे, दुःखाच्या प्रसंगी विसंगत हसणे. एखाद्या दिवशी असे झाले म्हणून घाबरू नये. पण काही महिने बदल वाढत गेला, पैशांचे व्यवहार चुकू लागले किंवा ओळखीचा रस्ता सापडेनासा झाला, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, ‘ब१२’ची कमतरता, नैराश्य, काही औषधे आणि कमी ऐकू येणे ही उपचार करता येण्याजोगी कारणे तपासता येतात.

बोलणे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असंबद्ध झाले, तर मात्र थांबू नये. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, पक्षाघात किंवा नवे औषध यांमुळे असे होऊ शकते. मद्यपान करणाऱ्या व्यक्तीचा गोंधळ उडाला, तोल जाऊ लागला किंवा डोळ्यांची हालचाल बिघडली, तर ‘ब१’चे इंजेक्शन वेळेवर मिळणे निर्णायक ठरते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अशा व्यक्तीला ‘खोटं बोलू नका’ म्हणून चारचौघांत गप्प करू नये. वाद न घालता विषय हळूच बदलावा. ‘सांगा बघू, मी कोण?’ अशी परीक्षाही घेऊ नये. त्याने फक्त लाज आणि चिडचिड वाढते.

कोडी घातल्याने डिमेन्शिया टळतो, असा दावा करता येणार नाही. जुन्या आठवणींवर आधारित उपचारपद्धतीचे फायदेही अभ्यासांत माफकच आढळले आहेत. मात्र एकटेपणा आणि श्रवणदोष हे डिमेन्शियाचे धोके वाढवणारे घटक आहेत, असे ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. तेव्हा आजोबांना कमी ऐकू येत असेल तर कान तपासून घ्यावेत आणि गरज असल्यास श्रवणयंत्र घ्यावे. रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही बंद करून नातवंडांना त्यांच्याजवळ बसवावे. त्यांच्या गोष्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. रोज ऐकणारे नातवंडच अनेकदा सर्वांत आधी सांगते, ‘आजोबा आज गोष्ट चुकले.’ मुलांचे हे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये.