पखवाजाचा खर्ज आणि तळहाताएवढा स्पीकर

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून पूजले जाते आणि त्याच तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनांमुळे सर्वदूर माहीत आहे. भजन ऐकण्याची सवय इतकी मुरलेल्या या मुलखात घरगुती श्रवणसाधनांची मागणी कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हची जड लाकडी पेटी होती. ट्रान्झिस्टरने तिचे वजन आणि किंमत उतरवली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे हवे ते भजन हव्या वेळी लावता येऊ लागले. आणि मोबाइल आल्यावर रेडिओ, टेप व सीडी ही तिन्ही यंत्रे त्याच्यातच सामावली गेली. त्यामुळे ध्वनिवर्धक, डेक आणि दोन मोठे स्पीकर असा स्वतंत्र संच घेणारे कमी झाले व बिनतारी ब्लूटूथ स्पीकरला मागणी वाढली. सपाट टीव्हीच्या पातळ अंगात चांगले स्पीकर मावत नाहीत, म्हणून त्याच्याखाली ठेवायची लांबट पट्टी, म्हणजे साउंडबार, खपू लागला. जुन्या प्रतिष्ठित नाममुद्रांनाही या बदलाने हलवले: डेनॉन, मरँट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स या नावांची मालकी २०२५ मध्ये सॅमसंगच्या हरमन कंपनीकडे गेली. उलट दिशेचा एक प्रवाहही आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्या सीडींपेक्षा अधिक संख्येने विकल्या गेल्या.

सोय वाढली, पण खर्ज हरवला, आणि हे नुकसान लहान नाही. स्वराची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येत, मोजतात. कंपने जितकी कमी तितका स्वर खालचा, आणि खालचा स्वर मोठ्याने ऐकू येण्यासाठी पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते, जे तळहाताएवढ्या स्पीकरला जमत नाही. म्हणून खंजिरीच्या झांजा त्यातून स्वच्छ वाजतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा, म्हणजे धुमेचा, घुमारा मात्र विरून जातो. खोक्यावर छापलेले वॅटचे आकडे ही उणीव दाखवत नाहीत, कारण ते शक्ती सांगतात, खोली नव्हे. म्हणून स्पीकर घेणाऱ्याने दुकानात ओळखीचे पखवाजाचे भजन लावून पाहावे आणि धूम ऐकू आली नाही, तर थोडी मोठी पेटी निवडावी.