फिजिक्सला कोण जातं?

20 मे 2025 ला पुण्यात जयंत नारळीकर गेले. बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि नाशिकात घरोघरी एकच हिशेब चालू होता: सीईटीला पर्सेंटाइल किती, कॉम्प्युटरला नंबर कुठं लागेल. सप्टेंबरात एनआयआरएफची यादी आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एकूण क्रमवारीत 37वरून 91वर घसरलं. आपली कॉलेजं त्याच विद्यापीठाची, पण गावाला त्याचं काही वाटलं नाही. मला ते फार लागलं.

एचपीटी कॉलेज 1924 चं. तिथं शिरवाडकर शिकले, कानेटकरांनी शिकवलं. 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, पुढच्याच वर्षी के. के. वाघ उभं राहिलं. हे सगळ्यांना पाठ आहे.

मला बोलायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल, कारण त्यात मी होरपळलो. इंजिनिअरिंगची सीईटी तेव्हा नव्हती, सगळं बारावीच्या ग्रुपवर. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 300 पैकी किती, यावर पोराची किंमत ठरायची. नाशिक पुणे विद्यापीठात, म्हणून सीओईपीत होम युनिव्हर्सिटीच्या जागांवर आपला हक्क. दोन-चार मार्कांनी तो हुकला की घरात सुतक. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालानंतर फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द लग्नाच्या पंगतीतही ऐकू यायला लागले. मार्क वाढावेत म्हणून मराठी सोडून इलेक्ट्रॉनिक्सचं व्होकेशनल घ्यायचं. कुसुमाग्रज गावात राहत होते, आणि त्यांच्याच गावातली हुशार पोरं अकरावीत पहिली मराठी टाकत होती.

मी सार्वजनिक वाचनालयातून ‘यक्षांची देणगी’ आणून वाचलं होतं. मला फर्ग्युसनला बीएस्सी आणि मग विद्यापीठात फिजिक्स करायचं होतं. त्याच विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांनी आयुका उभारली होती. आमच्या एका काकांनी भर बैठकीत विचारलं, ‘‘फिजिक्सला कोण जातं? ज्याला कुठंच मिळत नाही तो.’’ माझ्या वर्गातल्या मुलीला तर सांगितलं गेलं, पुण्याला पाठवायचं तर इंजिनिअरिंगलाच. बीएस्सी करायची तर इथंच कर. ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. विज्ञान शाखेला तुडुंब गर्दी आणि विज्ञान शिकायला कोणी नाही, हा अपराध त्या दशकातल्या वडीलधाऱ्यांचा आहे. त्यांना मी माफ केलेलं नाही.

डिसेंबर 2021 मध्ये साहित्य संमेलन नाशिकला झालं, अध्यक्ष नारळीकर. प्रकृतीमुळं ते येऊ शकले नाहीत. संमेलन भरलं आडगावला, भुजबळ नॉलेज सिटीत, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात. आपल्याकडं एवढी मोठी जागा दुसऱ्या कुठल्या विद्येला दिलीच नव्हती.

आता तर कॉलेजात जायचंही कारण उरलेलं नाही. नाव एका कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये. याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. 2018 मध्ये सरकारनं बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी वर्ग रिकामेच. आम्ही निदान पेंडुलमचे झोके मोजले होते. यांनी स्टॉपवॉच हातात धरलेलं नाही आणि प्रॅक्टिकलचे मार्क मात्र पुरते.

परवा ओळखीतल्या एका मुलीच्या मामांचा फोन आला. तिला सीओईपीत कॉम्प्युटर मिळू शकेल आणि ती आयसरचा हट्ट धरून बसली आहे. ‘‘तुमचं ऐकते ती, जरा समजवा,’’ म्हणाले. मी म्हटलं, समजवायचं तर तुम्हाला समजवतो, संध्याकाळी घरी या.