दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ

जुन्या धाटणीच्या दाढीच्या ब्रशची मूठ लेथवर कातली जाते. त्यासाठी घट्ट रेषांचे, पूर्ण सुकलेले लाकूड लागते. शिसव आणि ऑलिव्ह ही नेहमीची पसंती. ओलसर लाकूड पुढे आकसते आणि मुठीला चीर जाते.

सुमारे ४० मिमी जाडीचा ठोकळा आधी गोल करतात. केसांचा झुबका बसवायची खाच बाहेरचा आकार देण्यापूर्वीच पाडलेली बरी, कारण तोवर ठोकळा भक्कम धरलेला असतो. झुबका बहुधा २० ते २६ मिमी व्यासाचा असतो. खाच त्याहून किंचित रुंद ठेवतात. खरी कसोटी खोलीची. झुबका फार खोल बसला तर केस आखूड राहून ब्रश ताठ होतो, उथळ बसला तर चेहऱ्यावर लोळतो. मग पटाशीने कंबर आणि फुगीर तळ कातला जातो. साबणाने निसरड्या झालेल्या बोटांना पकड देते ती ही कंबरच; ती केवळ शोभेची नाही.

लाकडाचा वैरी पाणी. म्हणून पॉलिश पेपरने घासून लाखेऐवजी पाण्यात टिकणाऱ्या वॉर्निशचे किंवा पातळ सुपरग्लूचे अनेक हात देतात. खाचेची आतली बाजूही बंद करावी लागते, हे नवशिके हमखास विसरतात. शिसव तेलकट असल्याने ती खाच आधी ॲसिटोनने पुसावी लागते, नाहीतर झुबका धरणारा इपॉक्सी नीट चिकटत नाही. तयार ब्रश वापरानंतर झटकून मोकळ्या हवेत वाळवायचा. मूठ पाण्यात बुडवून ठेवायची नाही.