कौशल्याची मजुरी आणि माणसाचा मान : सन १९०६ चा हिंदू-युरोपियन सामना व पालवणकर बाळू

प्रस्तावना

खेळणाऱ्यास खेळाबद्दल पैसे द्यावेत की नाही, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याचे समाजातील स्थान कोणते, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, अमेरिका व हिंदुस्थान या तिन्ही देशांत वेगवेगळ्या रीतीने उभे राहिले. अमेरिकेत त्यांतून बेसबॉलच्या व्यावसायिक संघांचा जन्म झाला. मुंबई इलाख्यात मात्र व्यावसायिक क्रिकेट संघ निर्माण झाले नाहीत. येथे पगार घेऊन गोलंदाजी करणारा माणूस मैदानाचा नोकर मानला गेला. असाच एक नोकर, पालवणकर बाळू, फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध खेळला व विजयाचा एक शिल्पकार ठरला. प्रस्तुत लेखात या वर्षाचा विचार मजुरी, कौशल्य आणि सामाजिक मान या तीन अंगांनी केला आहे.

डहाणू-तलासरी परिसरातील अभ्यासकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मजुरी मिळणे आणि माणूस म्हणून वागवले जाणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या भूमीने १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्यात अनुभवले आहे. त्याचा संदर्भ लेखाच्या उत्तरार्धात घेतला आहे.

व्यावसायिक खेळाचा उदय : अमेरिकेतील बेसबॉल

अमेरिकेत १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या संघाने आपले सर्व खेळाडू पगारी असल्याचे उघडपणे जाहीर केले. १८७१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली संघटना स्थापन झाली आणि १८७६ मध्ये आठ क्लबांची नॅशनल लीग सुरू झाली. या व्यवस्थेत संघ हा शहराचा असे. खेळाडूशी करार होई व प्रेक्षकांच्या तिकिटांतून त्याचा पगार निघे. वरकरणी पाहता जो उत्तम खेळेल त्याला करार मिळावा, अशीच ही रचना होती.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय यष्टिरक्षक (बेसबॉलमधील कॅचर) टोलेडोच्या संघाकडून अमेरिकन असोसिएशन या प्रमुख स्पर्धेत ४२ सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डी यानेही त्याच हंगामात काही सामने खेळले. परंतु त्याआधीच, १८८३ मध्ये, शिकागो संघाचा प्रसिद्ध खेळाडू कॅप अ‍ॅन्सन याने वॉकर मैदानात असल्यास खेळण्यास नकार दिला होता. जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचा निर्णय घेतला. पुढे प्रमुख स्पर्धांचे दरवाजे जे बंद झाले ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या प्रवेशापर्यंत उघडले नाहीत. पैशाचा व्यवहार खुला असला म्हणजे समाजव्यवहारही खुला होतो असे नाही, हे यावरून दिसून येते.

मुंबई इलाख्यातील क्रिकेट व हौशी खेळाची कल्पना

इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांचे दोन वर्ग होते : पैशाची गरज नसलेले 'जंटलमन' व मोबदला घेणारे 'प्लेअर्स'. त्यांच्यातील सामने १८०६ पासून होत असत. हा भेद तेथे अधिकृतरीत्या १९६२ मध्ये संपुष्टात आला. या भेदाचे प्रतिबिंब खेळातील कामाच्या विभागणीतही पडले होते. फलंदाजी ही प्रतिष्ठितांची कला आणि गोलंदाजी हे कष्टाचे काम, अशी सर्वसाधारण समजूत होती.

हिंदुस्थानात या समजुतीला येथील जातिव्यवस्थेची जोड मिळाली. मुंबईत क्रिकेट प्रथम पारशी समाजाने आत्मसात केले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये निघाला, १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला व १८९० मध्ये व्हर्नन यांच्या पाहुण्या इंग्रज संघाचा त्यांनी पराभव केला. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ चा, तर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ चा. म्हणजे अमेरिकेतील संघ शहराचे असताना मुंबईतील संघ समाजाचे होते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पुण्यातील चार रुपये

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. कोकणातील पालवण या गावावरून कुटुंबाचे आडनाव पडले. पुण्यात वाढलेल्या बाळूंना प्रथम पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरवण्याचे काम मिळाले. नंतर ते युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर रुजू झाले. नेट लावणे, खेळपट्टी आखणे आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम होते. इलाख्यातील अग्रगण्य युरोपियन फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग आठ आणे देत असत, असे सांगितले जाते. त्यातून डावखुरी मंदगती गोलंदाजी अतिशय अचूक झाली. मात्र त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती कधी बॅट देण्यात आली नाही.

येथे मजुरीचे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. चार रुपये हा खेळाचा मोबदला नव्हता, तो सेवेचा पगार होता. कौशल्य वाढत गेले तरी नाते मालक व नोकर असेच राहिले. तथापि हेच नाते एका अनपेक्षित परिणामास कारणीभूत झाले. ज्या गोलंदाजाला सवर्ण हिंदू क्लबांनी आपल्या नेटजवळ येऊ दिले नसते, त्याला सर्वोत्तम फलंदाजांसमोर वर्षानुवर्षे गोलंदाजी करण्याची संधी मिळाली.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते व त्यासाठी बाळूंची गरज होती. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला व अखेर ते संघात आले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातातून फिरे, त्याला कोणाची हरकत नव्हती. परंतु चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे व जेवण वेगळे वाढले जाई. चेंडू चालतो, पेला चालत नाही, असा हा व्यवहार होता.

सन १९०६

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही प्रारंभी काही सभासदांनी आक्षेप घेतला, पण कर्णधार कीर्तीकर यांनी त्यांचा आग्रह धरला. लष्करातील नोकरीनंतर ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीस लागले व त्या रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. डहाणू रोड स्थानक याच कंपनीच्या मार्गावरील. आज हा मार्ग पश्चिम रेल्वेचा भाग आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू व युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंच्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या व युरोपियनांना १९१ धावांत रोखले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. विजयासाठी २१२ धावांची आवश्यकता असलेला युरोपियन संघ १०२ धावांत बाद झाला. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला.

बंगालच्या १९०५ मधील फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोरात असताना मिळालेल्या या विजयाला राजकीय रंग चढणे स्वाभाविक होते. परंतु मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारणावादी पत्राने त्यातून वेगळा बोध घेतला. चर्मकार बंधूंना संघात सामावून घेतल्यामुळे विजय शक्य झाला, आणि पुण्यात बाहेर चहा पिणारे बाळू मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसू लागले, याकडे त्याने लक्ष वेधले.

हा बदल कशामुळे घडला? केवळ उदारमतवादाने घडला असे म्हणणे पुरेसे नाही. संघ 'हिंदूंचा' म्हणवून घेत होता. मग बाळू हिंदू आहेत की नाहीत, या प्रश्नाला उत्तर देणे त्याला भाग होते. बाहेर ठेवावे तर सामना जातो व 'हिंदू' या नावाचा दावाही लटका पडतो. आत घ्यावे तर पंक्तिभेदाचे समर्थन करता येत नाही. टोलेडोच्या संघावर असे कोणतेही बंधन नव्हते. संघ शहराचा होता, शहरात कोण मोडतो हे मालक व सहखेळाडू ठरवीत, आणि करार न करणे पुरेसे होते. धर्माच्या नावावरील संघरचना एरवी समाजात भिंती उभ्या करणारी, पण १९०६ मध्ये तिनेच जातीच्या भिंतीला एक फट पाडली.

१९०६ नंतर

१९०७ पासून पारशी, युरोपियन व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली, परंतु बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी एकूण १७९ बळी घेतले.

असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पंक्तीत जागा मिळाली तरी नेतृत्वाच्या वेळी जात पुन्हा आडवी आली. १९२० मध्ये या अन्यायाच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी आपल्या आठवणी 'माझे क्रीडा-जीवन' या मराठी पुस्तकात (१९४८) लिहून ठेवल्या आहेत. बाळू १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

डहाणू-तलासरीच्या संदर्भात

१९४५ मध्ये, सध्या तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वारली आदिवासींची परिषद भरली. वेठबिगार बंद झाली पाहिजे, या मागणीतून लढा उभा राहिला आणि पुढे गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाच्या शीर्षकातच त्या लढ्याचा अर्थ सामावला आहे. मजुरीच्या दराबरोबर माणूसपणाचाही तो प्रश्न होता. मजुरी मिळूनही मान न मिळणे हा बाळूंचा अनुभव होता. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना तर मजुरी व मान दोन्हींसाठी झगडावे लागले.

या दोन घटनांतील साम्य ताणण्याचे कारण नाही. एक शहरी मैदानावरील, दुसरी जंगलपट्टीतील. एका ठिकाणी व्यक्तीचे कौशल्य कामी आले, दुसऱ्या ठिकाणी सामूहिक संघटन. तरीही अध्यापकांनी विचार करावा असा एक मुद्दा दोहोंतून पुढे येतो. पाड्यावरून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी धावण्यात, कबड्डीत वा क्रिकेटमध्ये चमकला की तो संघाला हवाहवासा वाटतो. चषक मिळतो, अहवालात नाव येते. पण तोच विद्यार्थी वर्गात, ग्रंथालयात, वक्तृत्व मंडळात आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडीत त्याच आपुलकीने सामावला जातो का? संघाला त्याची गरज आहे तोवरच त्याला जागा असेल, तर पुण्याच्या त्या मातीच्या भांड्यापासून आपण फार पुढे आलो आहोत असे म्हणता येणार नाही.

समारोप

१८८४ चा वॉकर आणि १९०६ चे बाळू यांची तुलना केली असता असे दिसते की, कौशल्य दार ठोठावू शकते, मोबदला ते किलकिले करू शकतो, परंतु ते उघडे ठेवण्यासाठी समाजाने आपल्याच दाव्यांशी प्रामाणिक राहावे लागते. टोलेडोत ते दार तीन वर्षांत बंद झाले. मुंबईत चहापासून पंक्तीपर्यंत आणि पंक्तीपासून कर्णधारपदापर्यंत पोहोचण्यास पालवणकर बंधूंची जवळजवळ संपूर्ण क्रीडा-कारकीर्द खर्ची पडली. म्हणून १९०६ च्या धावफलकाकडे पाहताना १०९ धावांच्या विजयाबरोबर, तो मिळवणाऱ्याला चहा कोठे दिला गेला होता, याचीही नोंद अभ्यासकाने घेतली पाहिजे.